भरीत पार्टीतलं अद्रक-संत्रं, आणि मोसंबीने केलेला घात

चंपाषष्ठी झाली की आमच्याकडे वांग्यावरची बंदी उठते आणि मग संक्रांतीपर्यंत कोणाच्या ना कोणाच्या शेतात भरीत पार्टी ठरलेलीच. माझ्या मामांचं शेत जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, भरताच्या वांग्यांचं बामणोद तिथून जवळच, त्यामुळे वांग्याची काळजी नाही, ती पांढरट-हिरवी मोठाली वांगी पोतंभर येतात, तुराट्यांच्या जाळावर भाजतात, बडजीत (लाकडी भांड्यात) ठेचतात, वरून हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी नाहीतर पुऱ्या. एवढं सगळं झक्कास असताना प्यायला काय, तर पुरुषमंडळी गाडीच्या डिक्कीमागे जाऊन प्लास्टिकच्या ग्लासात रम आणि कोला, आणि आम्ही बायका-पोरं ताक. डिसेंबरच्या रात्री, 8-9 डिग्रीत, ताक!

तर तीन वर्षांपूर्वी मी म्हटलं की यंदा ड्रिंक माझ्याकडे. लिंबू, संत्रं, मोसंबी आणि अद्रक, म्हणजे थंडीत बाजारात जे ढिगाने पडलेलं असतं तेच. उन्हाळ्यात लिंबाचे भाव ऐकून घाम फुटतो, थंडीत तेच लिंबू कोणी विचारत नाही. नागपुरी संत्र्याचा आंबिया बहार पण याच दिवसांत आलेला असतो. आणि असलं काही आपल्याकडे नवीन आहे असंही नाही, पंच नावाचं रस आणि दारूचं ड्रिंक असतं ना, तो शब्दच म्हणे आपल्या 'पाच'वरून गेलाय, दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा पाच गोष्टी म्हणून. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसाच्या 1632 च्या पत्रात तो शब्द सापडतो. पाचाची गोष्ट खरी का खोटी यावर भाषावाले भांडतात, भांडू देत, मला मामांना पटवायला तेवढं पुरलं.

पहिल्या वर्षी मी हुशारी केली. सकाळी घरी निवांत बसून दोन डझन मोसंबीचा मिक्सरमध्ये रस काढला, बियांसकट फिरवला, गाळला, पाच लिटरच्या कॅनमध्ये भरला. त्यातच अद्रकचा रस, साखर, आणि मामेभावाने आणलेली अख्खी रमची बाटली पण ओतून टाकली, म्हटलं तिकडे नुसतं ओतायचं काम. दुपारी चाखला तेव्हा छान होता हो. संध्याकाळी सात वाजता शेतात पहिला ग्लास मोठ्या मामींच्या बहिणीच्या हातात गेला (त्यांना रमचं माहीतच नव्हतं, ही दुसरी भानगड), त्यांनी एक घोट घेतला आणि तोंड असं केलं की बस. "कसं कडू लागू राह्यलं व माय हे!" माझा नवरा धुळ्याकडचा, त्याने ग्लासात नाक घालून विचारलं, "हाई काय शे वं? निमना काढा शे का?" सगळा कॅन केळीच्या बागेत. केळीला काही झालं नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की मोसंबीचं हे असंच असतं. बिया आणि सालीच्या आतला जो पांढरा भाग, त्यात एक बिनकडू पदार्थ असतो, रस काढला की रसातल्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते जाम कडू. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि चार-पाच तासांनी तोच कडूजहर. रसवंतीवाला उगाच का तुमच्यासमोर काढून देतो! तेव्हापासून माझे दोन नियम झाले, फळं शेतात नेऊन तिथेच पिळायची, हातानेच पिळायची, आणि दारू कधीही भांड्यात टाकायची नाही, ज्याची त्याच्या ग्लासात. दुसऱ्या नियमाने फार फरक पडला कारण आमचे नाना माळकरी, काकू उपासवाल्या, पोरं, गाडी चालवणारे, हे सगळे धरले तर अर्ध्याच्या वर माणसं अशीच निघतात आणि त्यांना उगाच पंगतीबाहेर बसल्यासारखं वाटायचं.

घरी फक्त पाक करून न्यायचा. खरी मेहनत यातच आहे. पाव किलो अद्रक घ्या, नवी पातळ सालीची नको, जुनी, मोडली की दोरे दिसतात ती. अर्धी खलबत्त्यात ठेचायची, मिक्सर नाही, ठेचायची. पाव किलो गूळ, तेवढंच पाणी, त्यात ही ठेचलेली अद्रक, दोन लवंगा, चार मिरे, दालचिनीचा बोटभर तुकडा, आणि मंद गॅसवर दहा-बारा मिनिटं. तार वगैरे बघत बसू नका, मधापेक्षा पातळ राहिला पाहिजे नाहीतर थंडीत बाटलीतच दगड होतो. गूळ पिवळाधमक नको, काळसर घ्या, रमशी त्याचं जास्त जमतं.

उरलेली अर्धी अद्रक किसून फडक्यातून पिळायची. हा कच्चा रस. एका वाटीत पंधरा-वीस मिनिटं शांत ठेवला की तळाला पांढरा गाळ बसतो, खडू विरघळवल्यासारखा, ते अद्रकमधलं पिठूळ आहे, वरचा रस अलगद ओतून घ्यायचा आणि गाळ सोडून द्यायचा. हे नाही केलं तर ग्लासात शेवटी पिठाळ घोट येतो. हा रस पाक पूर्ण गार झाल्यावरच त्यात घालायचा. कारण उकळलेली अद्रक घशात ऊब देते पण नाकात चढत नाही, तो झणका कच्चीचाच. मी एकदा सुंठ घालून पाहिली, ती तर ओल्या अद्रकपेक्षा तिखट लागते, पण वास बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवासारखा आला आणि सगळ्या बायकांना आपापली बाळंतपणं आठवून त्याच गप्पा सुरू झाल्या. एवढ्या पाकात बारा-तेरा ग्लास होतात.

शेतात गेल्यावर एका ग्लासाला 30 मिली पाक, अर्ध्या संत्र्याचा रस, अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ (कडूपणा दबतो, विसरू नका), ज्याला पाहिजे त्याला 45 मिली डार्क रम, वरून थंड सोडा. बर्फाची गरजच नाही, सोड्याची बाटली बाहेर गवतात ठेवली तरी गार होते. शेकर मिळेना म्हणून मी झाकणाचा स्टीलचा डबा वापरते, सोडा सोडून बाकी सगळं त्यात घालून खडखडवायचं, मग चहाच्या गाळणीतून ग्लासात. सोडा मात्र डब्यात घालायचा नाही, एकदा घातला होता, झाकण उडून नवीन स्वेटरवर.

व्होडका घालून पण होतं, लिंबू, अद्रक आणि व्होडका म्हणजे साधारण ते मॉस्को म्यूल, नाव रशियाचं पण 1941 च्या सुमाराला अमेरिकेत निघालेलं, तिकडे ते जिंजर बियर घालतात. आमच्या इकडे ती कुठे शोधणार. आणि मला विचाराल तर गुळासमोर व्होडका म्हणजे नुसता ऐवज, चव काही नाही.

आता साल. संत्र्याची साल चाकूने पातळ काढायची, पांढरं अजिबात नको, आणि ग्लासावर धरून पिळायची म्हणजे तेलाचा फवारा वर बसतो, पहिला घोट घ्यायच्या आधीच वास येतो. लहानपणी शाळेत हीच साल एकमेकांच्या डोळ्यांत पिळून रडवायचो आम्ही. मागच्या वर्षी भाच्याने शेकोटीजवळ साल पिळली तर तेलाचे थेंब जाळात जाऊन फटकन ठिणग्या उडाल्या, चमकीसारख्या, मग काय, सगळी पोरं संत्री सोलायला बसली, ड्रिंकसाठी संत्री उरली चार. हात जरा लांब ठेवायला सांगा त्यांना, पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) जाळ एकदम भडकतो.

एक गोष्ट सांगून ठेवते कारण दरवर्षी कोणीतरी स्वेटर काढून हिंडतं. रमने गरम वाटतं ते कातडीकडे रक्त धावतं म्हणून, अंगातली ऊब उलट बाहेर निघून जाते. त्यामुळे दोन ग्लास झाले की शाल आणखी घट्ट. आणि गाडीची चावी आधीच वहिनीकडे, यावर आमच्यात वाद नाही. रमसाठी परमिट आणि वय 25 लागतं, हे तुम्हाला माहीतच असेल.

नानांनी पहिल्यांदा सोडा-अद्रकचा ग्लास घेतला तेव्हा तीन वेळा विचारलं, "यात काही नाही ना पोरी?" नाही म्हटलं. मग हळूच अर्धा संपवून म्हणे भाकरीबरोबर चांगलं जातं. ते खरंच आहे, भरताच्या मिरचीनंतर ते आंबट-गोड असं काही उतरतं की परत भरीत खावं वाटतं, परत मिरची, परत घोट. मागच्या वर्षी नानांनी चार घेतले, आणि रमवाल्यांपेक्षा जास्त गप्पा त्यांनीच मारल्या.

पाक उरला तर फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, गरम पाण्यात लिंबाबरोबर घ्या. फक्त चहात टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मामींनी सगळ्यांसाठी दोन लिटर दुधाचा चहा ठेवला आणि "कशाला वाया घालवायचं" म्हणून उकळत्या चहात उरलेला पाक ओतला. गूळ आणि अद्रक एकदम. चोवीस माणसं कप घेऊन उभी आणि पातेल्यात पनीर.