मागे कोण बसणार?

"टॉप मॉडेलच दाखवा." सेल्सच्या कामात हे वाक्य सतत कानावर पडतं. २०२४ च्या दसऱ्याच्या तोंडावर साताऱ्याकडचा एक तरुण तेच म्हणत शोरूममध्ये आला. महिंद्राची एक्सयूव्ही ७००, डिझेल ऑटोमॅटिक, सात आसनी, त्यातही सगळ्यात वरची आवृत्ती एएक्स७ एल. सोनीचे बारा स्पीकर आणि ३६० अंशांचा कॅमेरा त्याला हवेच होते. फक्त कोटेशन काढायचं राहिलं होतं.

मी विचारलं, घरात माणसं किती? सहा. आई-वडील, नवरा-बायको, चौथीतली मुलगी आणि दोन वर्षांचा मुलगा. "मग सगळ्यांना घेऊन या, आणि बाळाची सीटसुद्धा आणा," मी म्हटलं. तीन रांगांची गाडी रिकामी बघून काही कळत नाही, असं माझं पक्कं मत आहे.

रविवारी सगळे आले. पुढे गाडी चालवायला तो तरुण आणि शेजारी त्याचे वडील, म्हणजे काका, हे न बोलताच ठरलं. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्या मधल्या रांगेत. बाळाची सीटही मधल्याच रांगेत, कारण ती अडकवायचे आयसोफिक्सचे हुक तिथे असतात. ती डावीकडे लावली, तर तिसऱ्या रांगेत जायची वाटच बंद होते. दुमडून पुढे उलटते ती डावीकडचीच सीट. म्हणून आम्ही बाळाला ड्रायव्हरच्या मागे बसवलं.

तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे मागे मी आणि मुलगीच ना? मग मी बसून बघते."

त्या चांगल्या उंच. गुडघे वर आले, डोकं छताला टेकायला आलं. मधली सीट पुढे सरकत नाही, त्यामुळे पाय तसेच आखडलेले राहिले. पण त्यांची खरी अडचण निराळी होती. बाळ रडायला लागलं आणि त्यांचा हात मधल्या बाकाच्या पाठीवर अडला. काकूंना वळून त्याला घेता येईना. त्या क्षणी शोरूममध्ये सगळे गप्प झाले. स्पीकरचं नाव कुणी काढलं नाही.

मी त्यांना सहा आसनी गाडीकडे नेलं. जानेवारी २०२४ मध्ये एएक्स७ आणि एएक्स७ एल मध्ये मधल्या रांगेला कॅप्टन सीट मिळू लागल्या, म्हणजे दोन सुट्या खुर्च्या आणि मधे फट. सूनबाईंनी मागे बसूनच त्या फटीतून हात घातला आणि बाळाच्या तोंडातलं बिस्किट नीट केलं. "हीच," त्या म्हणाल्या. खालच्या एएक्स५ आवृत्तीमध्येही मोठं सनरूफ येतं आणि पैसे वाचतात, हे मी सांगितलं होतं; पण या खुर्च्या त्यात नव्हत्या, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मग टेस्ट ड्राइव्ह. त्या हट्टाने मागेच बसल्या आणि नवऱ्याला गतिरोधकांवरून गाडी न्यायला लावली. परत आल्यावर मागचा दरवाजा उघडून मी सामानाची जागा दाखवली. तिन्ही रांगा भरल्या की तिथे फार काही मावत नाही. कोकणात जायचं तर वर कॅरियर लागेल, हे आधीच सांगितलेलं बरं.

एडास, म्हणजे गाडी चालवताना मदत करणारी यंत्रणा, तेव्हा एएक्स७ पासूनच मिळायची. तिचं मी कौतुक केलं, पण पट्टे पुसलेल्या आणि डायव्हर्जनने भरलेल्या रस्त्यावर तिच्या भरवशावर राहू नका, असंही बजावलं. काकांना सुरक्षेची जास्त काळजी होती. २०२१ मध्ये गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने दोन एअरबॅगच्या गाडीला मोठ्यांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे दिले होते. ते त्यांनी वहीत लिहून घेतलं.

शेवटी हिशोब. महाराष्ट्रात २० लाखांपुढच्या डिझेल गाडीला रोड टॅक्स १४ ऐवजी १५ टक्के बसतो, तोही पूर्ण किमतीवर. ही गाडी ती रेघ ओलांडतच होती. तो आकडा बघून काकांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "एल राहू दे, स्पीकर नंतर बघू." सहा आसनी एएक्स७ चं बुकिंग झालं.