साडेनऊ किलो रंग

माझ्या भाच्यानं विमान बांधलंय. आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या खडे बाजारात हे वाक्य उच्चारलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी ‘कागदाचं?’ उमटतं, मग ‘रिमोटवरचं?’ आणि दोन माणसं बसून उडतील असं खरोखरीचं, म्हटलं की तो हळूच पावसाचा विषय काढतो. म्हणून हल्ली मी पुरावा आधी देतो. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान जोडलं, २०१६ साली मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडलं, २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. गच्चीवर सहा जणांचं होत असेल, तर अमेरिकेतल्या गॅरेजात दोघांचं व्हायला काय झालं?

भाच्याचं विमान म्हणजे ऑरेगनमधल्या व्हॅन्स कंपनीचं आरव्ही-७. कापलेले, भोकं पाडलेले ॲल्युमिनियमचे पत्रे खोक्यांतून घरी येतात, पुढचं आपलं आपण. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाच्या हातचं असलं तरच तिथला कायदा त्याला घरी बांधलेलं विमान मानतो. भाच्याची त्यात आठ वर्षं गेली आणि भाचसुनेची गाडी आठ हिवाळे बर्फात उभी राहिली. या आठ वर्षांत त्यानं मला इंजिनाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बरोबरच आहे, माझं रंगाचं दुकान. जूनमध्ये त्याचा फोन आला तो रंगासाठीच.

“मामा, रंगाचं कोटेशन आलं. अठरा हजार.”

“बरं आहे की मग.”

“डॉलर, मामा.”

कर्नाटकी बेंदराचे दिवस होते. काउंटरवर एक शेतकरी बैलांच्या शिंगांसाठी लाल रंगाची सगळ्यात लहान डबी घेऊन पाच रुपये कमी करा म्हणून उभा होता. मी एका हातानं त्याला थांबवलं, दुसऱ्या हातानं गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला. १५ लाखांच्या वर आकडा गेला. शेतकऱ्याला मी मुकाट्यानं पाच रुपये सोडले.

३२ वर्षं मी रंग विकतो. गणपतीच्या आधी एक लाट, दसरा-दिवाळीच्या आधी मोठी लाट, मध्ये लग्नसराई. गिऱ्हाईक मराठीत ‘रंग’ मागतं, कन्नडमध्ये ‘बण्णा’ मागतं आणि घर रंगवायला काढायचं झालं की दोघंही ‘सुण्णा-बण्णा करायचाय’ म्हणतात. चुना आणि रंग, एका दमात. रंग कशाला किती लागेल हे मला गिऱ्हाइकाच्या घराचं दार न बघता सांगता येतं. पण विमानाला किती लागतो हे कुणी विचारलं नव्हतं. भाच्यानं मापं सांगितली : पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत २५ फूट, लांबी वीस. मी मनात हिशेब केला आणि मला हसू आलं. एवढ्याला प्रायमर, रंग, वरचं क्लिअर, हार्डनर, थिनर धरून तो स्वतःच सांगत होता की सामान अडीच हजार डॉलरचं.

मग बाकीचे साडेपंधरा हजार कशाचे?

हा प्रश्न मी आमच्या पेंटरांकडे नेला. उद्यमबागेच्या वाटेवर त्यांची डेंटिंग-पेंटिंगची शेड आहे. पत्र्याचं छप्पर, एक कॉम्प्रेसर, दोन पोरं, आणि कायम कुठल्यातरी गाडीच्या काचांवर चिकटवलेले ‘तरुण भारत’चे जुने अंक. त्यांच्याइतका सपाट हात बेळगावात मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. गन चालवताना मनगट हलत नाही, माणूसच सरकतो.

“२५ फूट? म्हणजे लॉरी एवढंच की.” त्यांनी वीतभर खडूनं भिंतीवर काहीतरी लिहिलं. “पी.यू. रंग मारून, सामानासकट, ऐंशी हजार. तुमच्या भाच्याचं म्हणून पंचाहत्तर.”

“रिव्हेट आहेत हजारो. वर डोकी दिसतात.”

“पुट्टी भरतो की. आरशासारखं करून देतो.”

इथं मला भाच्याची शिकवणी आठवली आणि मी मान हलवली. पुट्टी चालत नाही.

पुट्टी चालत नाही हे ऐकून पेंटर जसे माझ्याकडे बघत राहिले, तसंच मी भाच्याकडे फोनच्या पडद्यावर बघत राहिलो होतो. आमचा सगळा धंदा पुट्टीवर उभा आहे. भिंतीला भेग? पुट्टी. बम्पर चेपला? पुट्टी. सरळ नसलेलं सगळं जग आम्ही पुट्टीनं सरळ करतो. पण विमानाच्या पंखाच्या मागच्या कडेला जो हलणारा फळा असतो, तो बिजागरीभोवती तोलून बसवलेला असतो. बिजागरीच्या मागे वजन वाढलं की ठरावीक वेगाला तो फडफडायला लागतो, आणि ही फडफड सुरू झाली की काही सेकंदांत फळा किंवा पंखच मोडू शकतो. म्हणून हे हलते भाग काढून वेगळे रंगवायचे, रंग वाळला की पुन्हा तोलायचे, लागलं तर पुढच्या बाजूला शिसं वाढवायचं. हौसेनं एक हात जास्त मारला की त्याची भरपाई शिशानं. म्हणजे वजन पुन्हा वाढलंच.

रंगाला वजन असतं हे मला खरं तर कुणी शिकवायला नको. इमल्शनची २० लिटरची बादली तिसाच्या घरात जाते, आणि माझ्या कमरेचे दोन मणके तिच्या नावावर आहेत. पण दुकानदाराला माहीत असतं ते डब्यातलं वजन. थिनर उडून गेल्यावर पत्र्यावर मागं काय उरतं, याचा विचार मी केला नव्हता. भिंतीला वजन दिलं तर भिंत काय म्हणणार? आमच्या घराच्या माजघराची भिंत मागे एकदा खरवडली तेव्हा आत पिवळा, त्याखाली मोरपिशी, त्याखाली गुलाबी, आणि खाली आजोबांच्या काळातला चुना असे पापुद्रे निघाले. तीन पिढ्यांचे दसरे एकावर एक. नुसते पापुद्रे टोपलीभर भरले. माजघर उडणार असतं तर कधीच खाली आलं असतं.

भाचा म्हणाला, दोन माणसांच्या विमानाला वाळलेला रंग सात-आठ किलोपासून दहा किलोपर्यंत जातो, हात जड असेल तर जास्तच. मी म्हटलं, दहा किलोनं काय होतंय? तेव्हा त्यानं मला मागच्या वेळेची आठवण करून दिली. सांबऱ्याच्या विमानतळावरून निघताना त्याची बॅग काट्यावर दीड किलो जास्त भरली होती आणि काउंटरवरची मुलगी काही केल्या ऐकेना. शेवटी मी रांगेबाहेर उभं राहून कुंद्याचे तीन डबे परत घेतले होते. “आता त्या मुलीच्या जागी मीच आहे, मामा. दहा किलो रंग म्हणजे अर्ध्या किलोचे कुंद्याचे वीस डबे. ते मी दर वेळी घेऊन उडायचं, कधीच न खाता.” या मापानं मला सांगितलं तेव्हा मला ते बरोबर कळलं.

मग त्यानं एक गोष्ट सांगितली ती मी आता दुकानात सगळ्यांना ऐकवतो, विशेषतः जे ‘अजून एक हात मारू का?’ विचारतात त्यांना. अमेरिकेच्या स्पेस शटलला पोटाशी एक प्रचंड इंधनाची टाकी असायची. १९८१ मधल्या पहिल्या दोन उड्डाणांना ती पांढरी रंगवली होती. नंतर रंगवणंच बंद केलं. नुसत्या त्या पांढऱ्या रंगाचं वजन सुमारे २७० किलो होत होतं. चित्रांत आपल्याला आठवते ती तांबूस-नारिंगी टाकी म्हणजे मुद्दाम दिलेला रंग नव्हे, उघडा ठेवलेला फोम. रंग न लावून वाचवलेल्या पैशाची याहून मोठी जाहिरात माझ्या धंद्याच्या विरोधात कुणी केली नसेल.

पेंटरांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग रंगवू नको म्हणावं की. ॲल्युमिनियम हाय न्हवं? पॉलिश मारून सोड म्हणावं.” सूचना अडाणी नव्हती. तसे चकचकीत उघड्या पत्र्याचे विमानवाले आहेतही. पण ते आयुष्यभर हातात फडकं घेऊन असतात. पत्रा काळवंडतो, दमट हवेत गंज धरतो. आमच्या पावसात तर त्या फडक्यालाच बुरशी येईल.

कोटेशनमधले साडेपंधरा हजार मला कळले ते रंगाआधीच्या कामातून. पत्रा धुवायचा, तेलकटपणा काढायचा, बारीक घासायचा, आम्लानं धुवायचा, मग गंज धरू नये म्हणून रसायनाचा पातळ थर, मग इपॉक्सी प्रायमर. घासणं-धुणं झालं की पत्र्यावर पाणी ओतून बघायचं. पाणी अख्ख्या चादरीसारखं उतरलं तर ठीक. कुठं तुटून त्याचे थेंब झाले तर समजायचं, तिथं बोटाचा स्निग्धपणा राहिलाय, पुन्हा धुवा. भाच्यानं या परीक्षेचा व्हिडिओ पाठवला. पंखावरून पाणी उतरतंय, उतरतंय, आणि मधेच एका जागी त्याला भोक पडतं, अंगठ्याएवढं. त्याचाच अंगठा असणार. असे तास मोजून तिथं पैसे घेतात. आपल्याकडे घासणाऱ्या पोराचा तास बिलात येतच नाही, तो ‘लेबर’ या शब्दात कुठंतरी तळाला बसलेला असतो.

रंग कुठला द्यायचा यावर तर महिना गेला. प्रत्येक जादा रंग म्हणजे पुन्हा टेप, पुन्हा कागद, पुन्हा वाळायची वाट, आणि जादा डॉलर. तरी भाच्याला पट्टे हवे होते. मी म्हटलं, बाबा, मामाला दुकान चालवायचंय, फोटो मी काउंटरमागे लावणार, तेव्हा जपून. लाल-पिवळा म्हटलास तर कन्नड बाजू खूश, भगवा म्हटलास तर मराठी, आणि काळा म्हटलास तर १ नोव्हेंबरचा काळा दिवस. बेळगावात जन्मलेल्याला रंगकार्डाकडे निरागसपणे बघता येत नाही. पाटी रंगवायची तर अक्षरांत कन्नड साठ टक्के भरतंय का ते आधी टेप लावून मोजायचं. विमानाच्या अक्षरांचे नियम त्याहून कडक निघाले. वेग ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर नोंदणीचा क्रमांक तीन इंचांच्या अक्षरात चालतो, आणि आत चढायच्या जागेजवळ ‘एक्सपेरिमेंटल’, म्हणजे प्रायोगिक, हा शब्द किमान दोन इंची अक्षरात लिहावाच लागतो. म्हणजे बसणाऱ्यानं वाचूनच बसावं. आमच्या काही वडाप गाड्यांच्या दारावर हा शब्द लिहायला मी स्वतः फुकट रंग देईन.

शेवटी त्यानं अठरा हजार दिले नाहीत. आधी न रंगवताच उडवलं. नव्या घरगुती विमानाला सहसा सुरुवातीचे २५ किंवा ४० तास एकट्यानं, ठरवून दिलेल्या टापूत उडवावं लागतं. ते त्यानं नागड्या पत्र्यावर काढले. मग गॅरेजात प्लास्टिकचा तंबू ठोकला, पंखे लावले, आणि तीन महिने स्वतः रंगवलं. पांढरं, कडेला एकच निळी रेघ. निळ्याला अजून तरी आमच्याकडे कुणी हरकत घेतलेली नाही. रंगाआधी आणि रंगानंतर विमान काट्यावर चढवलं. फरक साडेनऊ किलो.

“एकोणीस डबे,” मी म्हटलं.

“एक वाचवला,” तो म्हणाला.

फोटो घेऊन मी शेडमध्ये गेलो. पेंटरांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि सगळं विमान इंचाइंचानं तपासलं, जसं एखादा सोनार दुसऱ्या सोनारानं घडवलेलं तपासतो. शेपटाजवळ थांबले.

“ओघळ हाय इथं.”

होती. सुईएवढी. मला कधीच दिसली नसती.

“पातळ केलंय जास्त पोरानं,” ते म्हणाले, आणि त्यांचं समाधान झालं. “पण बाकी हात बरा हाय.”

पुढच्या फोटोत एक माणूस होता, पांढऱ्या झग्यात, डोक्यावर काचेचा टोप, टोपाला मागून जाड नळी.

“ह्ये कोण?”

“भाचाच. त्या हार्डनरची वाफ छातीत जाऊ नये म्हणून. बाहेरची स्वच्छ हवा नळीतून येते. साधा मास्क त्याला पुरत नाही म्हणे.”

पेंटरांच्या शेडमध्ये एक मास्क आहे. त्यांच्या धाकट्या मुलानं आणून दिलेला. तो कॉम्प्रेसरवरच्या खिळ्याला टांगलेला असतो, आणि त्याच्या बाहेरच्या बाजूवर इतक्या वर्षांच्या गाड्यांची बारीक धूळ बसलीय. पांढरी, चंदेरी, मग मारुतीचा तो लाल, माझ्या माजघरासारखी. स्वतः ते गळ्यातला रुमाल नाकावर ओढतात.

त्यांनी फोटो अजून थोडा वेळ धरला.

“कितीला येतंय ते?”

“त्यानं घेतलं ते पन्नास-साठ हजाराला पडलं.”

“साठ हजारात,” ते म्हणाले, “एक लॉरी रंगवून होती.” फोन माझ्या हातात दिला, रुमाल नाकावर ओढला आणि पोराला म्हणाले, “लाव रे कॉम्प्रेसर.”