झटका न देता लिहिलेलं पत्र

"मणका सरकलाय, तेवढा बसवून द्या," म्हणत बाई आल्या. वय ६८. कुंडी उचलताना पाठीत कळ आली, तेव्हापासून कूस बदलणंही अवघड. माझ्यासारख्या कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने दाब-झटका देऊन मणक्यांवर उपचार करणाऱ्याकडे, ही तक्रार नेहमीचीच. पण भिंतीला टाचा लावून उभं केल्यावर डोकं भिंतीपासून चार बोटं पुढेच राहिलं. उंची पूर्वीपेक्षा ५ सेंटिमीटरने कमी भरली. कमरेच्या पहिल्या मणक्यावर हलकं ठोकताच त्या कळवळल्या. शिवाय दम्यासाठी प्रेडनिसोलोन (हाडं ठिसूळ करणारं स्टिरॉइड) रोज ७.५ मिलिग्रॅम, वर्षभर. रोज ५ मिलिग्रॅम तीन महिने घेतली तरी हाडं तपासायला हवीत.

अशा पाठीला झटका देत नाहीत. आधीच चेपलेला मणका आणखी खचू शकतो. पायांतली ताकद, संवेदना आणि लघवीवरचा ताबा शाबूत असल्याची खात्री करून मी फिजिशियनना पत्र लिहिलं. "पाठदुखी, कृपया पाहावे" एवढ्या चिठ्ठीचा काही उपयोग होत नाही. वरचे सगळे आकडे लिहिले आणि बाजूने घेतलेला एक्स-रे सुचवला.

एक्स-रेत तो मणका पुढून पाचरीसारखा दबलेला दिसला. डेक्सात, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीत, मात्र कमरेचा टी-स्कोअर (तरुण निरोगी हाडांशी तुलनेचा आकडा) उणे १.७, खुब्याचा उणे २.४, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसची (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराची) उणे २.५ ची रेषा कुठेच ओलांडलेली नाही. इथेच बरेच रुग्ण निसटतात. दबलेला मणका आणि वयाने वाढलेले हाडांचे काटे कमरेचा आकडा फसवा चांगला दाखवतात. किरकोळ भाराने मणका मोडला, की आकडा काहीही असो, तो ऑस्टिओपोरोसिसच. फिजिशियननी तसंच निदान केलं. मायलोमा हा अस्थिमज्जेचा कर्करोगही मणके खचवतो, म्हणून तो शोधणारी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणीही करून घेतली.

औषध ठरलं हाडांची झीज रोखणारी अलेन्ड्रोनेटची गोळी, आठवड्याला ७० मिलिग्रॅम. ते उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवं व्हायचं नसतं. बाईंना तर दहा मिनिटं बसवत नव्हतं, आणि छातीत जळजळ जुनीच. हे त्या फिजिशियनकडे बोलल्याच नव्हत्या, आमच्याकडे बोलल्या. लगेच फोन केला. मूत्रपिंडाचं काम तपासून, ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढून मग त्याच कामाचं झोलेड्रोनिक अॅसिड ५ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. ते वर्षातून एकदाच.

दुखणं ओसरल्यावर व्यायाम आमच्याकडे. पालथं झोपून खांदे किंचित उचलणं, टाचा उचलणं, पाठ न वाकवता खुब्यातून झुकायची सवय. पायाचे अंगठे धरणं आणि पोटाच्या उठाबशा पूर्ण बंद. पुढच्या इंजेक्शनची तारीख दोन्हीकडच्या कागदांवर आहे. पाठीत नवी कळ आली, तर हात लावण्याआधी एक्स-रे, हेही दोघांचं ठरलंय.