गहू भिजत घातले की आमची शाळा भरते

वैशाखात एकदा कुरडयांचे गहू भिजत पडले की कुरडया वाळून डब्यात जाईपर्यंत आमच्या घरी दुसरा कुठलाही अभ्यास होत नाही. पुस्तकं कपाटात राहतात. आमची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात, त्यामुळे सुट्टीची वाट बघावी लागत नाही. ऊन नीट तापायला लागलं की काम काढायचं. थोरली अकरा वर्षांची आहे, धाकटा सात. बायको बँकेत नोकरी करते, मी दुपारनंतर घरूनच भाषांतराचं काम करतो, आणि उन्हाळ्यात नगरहून आई पुण्याला आमच्याकडे येते. म्हणजे सकाळ पूर्णपणे मुलांची, आईची आणि माझी.

होमस्कूलिंग करणाऱ्या घरांमध्ये स्वयंपाकातून शिकवण्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. पोळीचे चार तुकडे करा आणि पाव-अर्धा शिकवा, वगैरे. मला ते पटत नाही. भूक लागलेल्या मुलाच्या ताटातल्या पोळीवर गणित लादू नये, त्याला ती पोळी सुखाने खाऊ द्यावी. त्यापेक्षा घराला खरोखर लागणारं, चांगलं चार-पाच दिवस चालणारं एखादं काम मुलांच्या हातात द्यावं आणि गणित, विज्ञान जिथे अडेल तिथे आपोआप येऊ द्यावं. यासाठी मला कुरडया सगळ्यात आवडतात. त्यात घाई चालत नाही, रोज वेगळं काम असतं, आणि एक दिवस दुर्लक्ष केलं तर सगळे गहू वाया जातात. मुलांना हे कळतं. आपल्याला दिलेलं काम खरं आहे की नुसतं गुंतवून ठेवण्यापुरतं आहे, हे मुलं फार लवकर ओळखतात.

सुरुवात गहू निवडण्यापासून होते. आम्ही लोकवन घेतो. आईने येताना पितळेचं मापटं आणि चिपटं आणलं होतं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. थोरलीने हे वहीत उतरवून घेतलं आणि खाली लिहिलं, पायली म्हणजे ८ मापटी, १६ चिपटी. मग तिने विचारलं, "आजी, सगळं दुपटीनेच का जातं गं? दहा चिपट्यांचं एक मापटं का नाही केलं?"

आई म्हणाली, "अगं, तराजू होता कुणाकडे? ढिगाचे दोन सारखे वाटे डोळ्यांनी करता येतात. दहा वाटे कर बरं सारखे!"

थोरलीने लगेच जमिनीवर कागद पसरून गव्हाचे दहा वाटे करून पाहिले. नाही जमले. दोन, चार, आठ मात्र जमले. दशमान पद्धत कुणी का आणली आणि त्याआधी लोक कसे मोजायचे, हा आमचा त्या दिवशीचा पाठ झाला. धाकटा तोवर दुसऱ्याच उद्योगात होता. मापटंभर गहू वजनकाट्यावर ठेवायचे, मग मापटंभर चुरमुरे ठेवायचे. माप तेच आणि वजन इतकं वेगळं, हे त्याने पाच-सहा वेळा करून बघितलं, मग डाळ, मग पोहे. मी मध्ये बोललो नाही. अशा वेळी मोठ्यांनी गप्प राहणं हे मला होमस्कूलिंगमधलं सगळ्यात महत्त्वाचं कौशल्य वाटतं.

गहू तीन दिवस भिजतात आणि पाणी रोज बदलावं लागतं. हे काम धाकट्याचं. वैशाखाच्या उकाड्यात दुसऱ्याच दिवशी पाण्यावर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. त्याला वाटलं गहू कुजले. आईने त्याला दही लावलेल्या भांड्याचा वास घ्यायला लावला, मग गव्हाचा. दोन्हीत आंबवणारे जिवाणू असतात, आणि रोजच्या रोज पाणी बदललं की त्यांचं काम आवाक्यात राहतं, एवढं सात वर्षांच्या मुलाला पुरतं. थोरलीने रोज गहू निथळून वजन केलं. दोन किलो गहू फुगून तीन किलोच्या आसपास गेले. हा वाढलेला एक किलो म्हणजे नुसतं पाणी. तिने दाणा चिमटीत दाबला तर आतून दुधासारखा पांढरा चीक बाहेर आला. आई म्हणाली, "आता वाटायला झाले."

पूर्वी हे पाट्यावर वाटायचे. आम्ही मिक्सरमध्ये थोडं थोडं फिरवतो. मग मोठ्या पातेल्यावर जुन्या धोतराचं फडकं बांधून वाटलेले गहू त्यात ओतायचे आणि पाणी घालत पिळायचे. फडक्यातून चीक खाली उतरतो, वर चोथा राहतो. हे काम मुलांनी कोपरापर्यंत हात बुडवून करायचं. चोथा मुठीत धरला की जरा चिवट, लवचीक लागतो. ते गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे प्रथिन. खाली पांढरं उतरतं ते पिष्ट, स्टार्च. कणीक मळल्यावर ताणली का जाते आणि ज्वारीचं पीठ का तुटतं, हे थोरलीला मी कधी सांगितलं नव्हतं. चोथा ताणून बघताना तिने स्वतःच विचारलं, म्हणून सांगितलं.

गाळलेला चीक रात्रभर स्थिर ठेवायचा. पिष्ट पाण्यापेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि वर पिवळसर निवळ येते. यात आपण काहीच करायचं नसतं, भांडंसुद्धा हलवायचं नाही. धाकट्याने काचेच्या उंच पेल्यात थोडा चीक वेगळा घेऊन दर तासाला स्केचपेनने रेघ मारली. पहिल्या तासांत रेघा लांब लांब पडल्या, झोपायच्या वेळेपर्यंत अगदी जवळ आल्या. त्याला आलेख म्हणजे काय ते माहीत नाही. पण पेल्यावर त्याने तो काढलेला आहे.

संध्याकाळी सोसायटीतल्या काकू आल्या आणि नेहमीचा प्रश्न निघाला. हे सगळं छान आहे हो, पण दहावीचं काय? उत्तर सोपं आहे आणि ज्यांना अशी काळजी वाटते त्यांच्यासाठी इथेही देतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा १४ वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला देता येते. त्याआधी मुक्त मूलभूत शिक्षणाच्या अ, ब आणि क अशा पातळ्या आहेत, त्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या धरतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात घरी शिकवण्यासाठी वेगळी तरतूद नाही, म्हणून आम्ही मुलांच्या कामाच्या वह्या, फोटो, तारखा नीट ठेवतो. आणि हाताच्या कामातून शिकणं हे काही आमचं नवं खूळ नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नेमका हाच विचार देशापुढे मांडला होता. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही शेती, सूतकताई आणि स्वयंपाक हा शिक्षणाचाच भाग आहे. एवढं सांगून झाल्यावर काकूंनी चीक बघायला मागितला आणि विषय तिथेच संपला.

शिजवायचं काम पहाटे. ऊन चढायच्या आत कुरडया घालून व्हायला हव्यात. थोरली गजर न लावता उठली होती. वरचं पाणी हळूच ओतून टाकलं, तळाशी घट्ट चीक राहिला, तो हाताने सारखा केला. आईचं प्रमाण ठरलेलं आहे, जेवढा चीक तेवढंच पाणी. चीक मापट्याने मोजला तर साडेतीन मापटी भरला. आमचं जाड बुडाचं पातेलं एवढ्याला पुरणार नव्हतं, म्हणून दोन घाणे करायचे ठरले. साडेतीनचं निम्मं काय? थोरली तोंडाने पुटपुटत होती, दीड, पावणेदोन... आणि मग एकदम थांबली. तिने मापटं खाली ठेवलं आणि चिपटं उचललं. "बाबा, निम्मं करायचंच नाहीये! मापट्याऐवजी चिपटं घ्यायचं, आणि साडेतीनच!"

मला आजही तो क्षण आठवला की आनंद होतो. पावणेदोन मापटी म्हणजे साडेतीन चिपटी. भागाकार मापातच करून ठेवलेला होता आणि तो तिला तिच्या हातातल्या भांड्याने दाखवला. अपूर्णांकांच्या वहीवर ती रडलेली मी पाहिली आहे. ही पोरगी आता स्वतःहून म्हणत होती की तिसरा घाणा असता तर काय केलं असतं.

पाण्याला उकळी आली, मीठ-हिंग पडलं, आणि आईने धार धरली. मी लाकडी दांड्याने हाटत राहिलो. गॅसजवळ धाकट्याने यायचं नाही हा नियम आहे, तो ओट्यापासून लांब स्टुलावर बसून सोऱ्याला तेल लावत होता. चीक पाण्यात पडला की बघता बघता घट्ट होतो, हात थांबला तर गुठळ्या. थोरलीला हे नेमकं कधी होतं ते बघायचं होतं. तिने आदल्या संध्याकाळीच एका छोट्या पातेलीत चमचाभर चीक पाण्यात कालवून मंद आचेवर ठेवला होता आणि त्यात स्वयंपाकाचा थर्मामीटर धरला होता. पन्नास अंशांपर्यंत काही नाही, नुसतं पांढरं पाणी. साठच्या थोडं पुढे गेल्यावर चमचा जड लागायला लागला. पिष्टाचे कण गरम पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, म्हणून ते घट्ट होतं. आमटीला पीठ लावतो तेव्हाही हेच होतं, हे तिने स्वतः जोडलं.

चीक शिजला की त्याचा दुधी रंग जाऊन तो काचेसारखा चकचकीत दिसायला लागतो. ओलं बोट लावलं आणि चिकटलं नाही की झाला. मग झाकण ठेवून एक वाफ. आणि मग, कुरडया घालण्याआधी, प्रत्येकाला वाटीत गरम चीक. धाकट्याला दूध-साखर घालून, थोरलीला आणि मला कच्चं तेल आणि तिखट घालून. आई फक्त तूप घेते. ज्या घरात कुरडया विकत आणतात त्या घरातल्या मुलांना ही वाटी मिळत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गच्चीवर धुतलेली जुनी साडी अंथरून आम्ही पाचही जण बसलो, बायको बँकेत जायच्या आधी तासभर आली होती. चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून नीट उतरतो, म्हणून भांडं झाकून थोडा थोडा भरायचा. दाबायला जोर लागतो. थोरली दोन्ही हातांनी दाबत होती आणि आई तिच्या मनगटाला हात लावून गोल फिरवायला शिकवत होती. पहिल्या काही कुरडया वेड्यावाकड्या आल्या, त्यांना आईने "या आधी तळू" म्हणून बाजूला जागा दिली. दिवसभर पारव्यांना हाकलायचं काम धाकट्याकडे. तो छत्री आणि चित्रांची वही घेऊन पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला. त्याने काढलेल्या पारव्यांच्या चित्रांत मानेवरची हिरवी-जांभळी झाक इतकी नेमकी आली आहे की ती चित्रं आम्ही भिंतीवर लावली.

संध्याकाळी कडेने सुकलेल्या कुरडया अलगद उलटल्या. पुढचे दोन दिवस परत ऊन. थोरलीने चार कुरडया मुद्दाम घरात, सावलीत ठेवल्या. शेवटी दोन्ही एकाच कढईत तळल्या. उन्हातली तेलात पडताच फुलून कढईभर झाली, पांढरीशुभ्र. सावलीतली मध्ये कडक राहिली, दाताखाली टचकन लागली. तेल कडक तापलेलं असलं की कुरडईत उरलेल्या जराशा पाण्याची झटकन वाफ होते आणि ती वाफच कुरडई फुलवते. पाणी जास्त असेल तर ती नीट फुलत नाही. हे समजल्यावर तिने सगळ्या कुरडयांना आणखी एक ऊन दाखवायचा आग्रह धरला. आईने नातीचं ऐकलं.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच, पहिल्यांदा अर्धा किलोच घ्या, गच्ची नसेल तर ऊन येणारी खिडकी आणि दोन मोठी ताटं पुरतात. चोथा टाकू नका. त्यात तीळ, जिरं, तिखट, मीठ घालून आईने भुसवड्या थापल्या, त्या कुरडयांच्या शेजारीच वाळल्या. तिखट किती घालायचं यावर आजी आणि नातीचं एकमत झालं नाही, म्हणून भुसवड्यांचे दोन डबे भरले आहेत आणि दोन्हींवर थोरलीने आपापल्या मालकिणीचं नाव लिहिलं आहे.