टेकअवेची नोंद, बडोदा: पहिले ६० सेंटिमीटर

गोल्फच्या स्विंगमध्ये क्लब मागे नेण्याची सुरुवात म्हणजे टेकअवे. सध्या काम त्याच एका तुकड्यावर चाललं आहे. क्लबहेड (क्लबचं डोकं) चेंडूमागून निघतं तिथपासून शाफ्ट, म्हणजे दांडा, जमिनीला समांतर येईपर्यंत, म्हणजे कोच मंडळी ज्याला पी-टू म्हणतात तिथपर्यंत. क्लब सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या लांबीचा लोखंडी क्लब. वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट कराव्यात. आयर्नचं बऱ्यापैकी बसलंय, हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) जवळपास आलंय, सगळ्यात लांब फटक्याचा ड्रायव्हर अजून हट्ट धरून आहे.

आधी मोजमाप, कारण सरावाच्या रेंजवर सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला म्हणजे ‘क्लब सरळ मागे न्या’, आणि बराच घोळ त्यानेच होतो. क्लबहेड एका तिरक्या पातळीवर गोल फिरतं. सेव्हन आयर्नचा लाय, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी कोन, साधारण ६२ अंश असतो. क्लबहेडपासून खांद्यांच्या मध्यापर्यंतचं अंतर दीड मीटर धरलं, तर ३० सेंमी मागे गेल्यावर ते टार्गेट लाइनच्या (चेंडूपासून लक्ष्याकडे जाणाऱ्या रेषेच्या) आत, आपल्या पायांकडे, येतं जेमतेम दीड सेंमी आणि वर उचलतं पावणेतीन. ६० सेंमीला मात्र आत सहा सेंमी, वर अकरा. हा ढोबळ हिशोब आहे, मनगटं मोडली की आकडे बदलतात. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: पहिल्या फुटात ‘सरळ’ आणि ‘आत’ यांतला फरक डोळ्याला दिसतच नाही आणि दुसऱ्या फुटात आत यायलाच हवं. ६० सेंमीपर्यंत हट्टाने रेषेवर ढकलत नेलं की डावा दंड छातीपासून सुटतो, डोकं मागे सरकतं आणि वरून आडवं कापत खाली येण्याची तयारी तिथेच होते.

घरातली ६० बाय ६० ची टाइल याला उत्तम पट्टी. चेंडू चार टाइलांच्या चौकात ठेवा. क्लबहेड मागच्या चौकाजवळ येईल तेव्हा सांध्याच्या आत तीन बोटं असायला हवं आणि जमिनीपासून एक वीत नाही, त्याच्या अर्ध्यावर. गच्चीवर बहुधा चायना मोझेक असतं, त्याला सरळ सांधे नसतात, तिथे खडूने रेघ मारावी. उत्तरायणाच्या दिवसांत बडोद्यात गच्ची मिळणं शक्य नाही, आणि नंतरही आठवडाभर मांज्याचे तुकडे झाडून काढल्याशिवाय तिथे क्लब फिरवू नये.

आता कॅमेरा. चुकीच्या जागी ठेवलेला फोन चांगल्या टेकअवेला वाईट ठरवतो. पी-टूला क्लबहेड कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं, त्यामुळे फोन जरा सरकला तरी क्लबहेडच जास्त सरकल्यासारखं दिसतं. फोन चेंडूच्या रेषेत ठेवला तर क्लब आत गेलेला दिसतो, टाचांच्या मागे ठेवला तर बाहेर. फोन हातांच्या रेषेत हवा, टार्गेट लाइनला समांतर, तीन मीटर मागे, उंची हातांएवढी म्हणजे ७५ ते ८० सेंमी. वाइड लेन्स नको. सेकंदाला फ्रेम निदान ६०, जमल्यास १२० किंवा २४०. प्रत्येक वेळी जागा तीच राहावी म्हणून स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवाव्यात, नाहीतर परवाचा आणि आजचा व्हिडिओ शेजारी लावून काही कळत नाही.

थांबवलेल्या चित्रात आधी हात बघायचे, मग क्लबहेड. बहुतेक जण उलट करतात आणि निदान चुकतं. चांगल्या पी-टूला शाफ्ट चवड्यांच्या रेषेला समांतर असतो आणि क्लबहेड हातांना झाकतं किंवा किंचित बाहेर असतं. ‘क्लब आत गेला’ या एकाच तक्रारीखाली दोन वेगळे बिघाड असतात. पहिल्यात हात जागेवर असतात, उजव्या चवड्याच्या साधारण वर, पण क्लबहेड त्यांच्या मागे गेलेलं असतं. इथे डावा कोपराखालचा हात उजवीकडे गुंडाळला गेला आहे. खूण अशी की क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, आकाशाकडे बघत असतो. दुसऱ्यात हातच मांडीला घासत आत गेलेले असतात, क्लबहेड बिचारं त्यांच्या मागोमाग आलेलं असतं आणि फेस ठीक असतो. इथे कंबर आणि खांदे एकदम फिरले आणि हात अंगाला चिकटून ओढले गेले. पहिल्यावर उपाय ग्रिप आणि कोपराखालच्या हातात, दुसऱ्यावर उभं राहण्यात आणि क्रमात. पहिल्याचं औषध दुसऱ्याला दिलं तर क्लब बाहेर जायला लागतो आणि माणसाला वाटतं सुधारणा झाली.

फेसबद्दल: पी-टूला लीडिंग एज (फेसची खालची कड) पाठीच्या कण्याच्या कलाएवढी पुढे झुकलेली असावी. टो (क्लबहेडचं पुढचं टोक) सरळ आकाशाकडे असेल तर फेस किंचित उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, पण चालण्यासारखा. टो त्याच्याही मागे पडला तर स्लाइसची, म्हणजे उजवीकडे वळत जाणाऱ्या फटक्याची, बीजं पेरली गेली. डाव्या हाताच्या बोटांच्या मुळांचे तीन उंचवटे (नकल्स) दिसतील अशी स्ट्राँग ग्रिप असणाऱ्यांचा फेस थोडा बंद दिसणारच, त्यांनी तो उघडायला जाऊ नये.

गुंडाळण्याचं मूळ बरेचदा ग्रिपमध्ये सापडतं. क्लब डाव्या तळव्यात आडवा पडला की मनगट वर मोडत नाही आणि मग ते काम कोपराखालचा हात वळून करतो. ग्रिप तर्जनीच्या मधल्या पेरापासून करंगळीच्या मुळाशी तिरकी जायला हवी आणि तळव्याची गादी वरून बसायला हवी. तपासायला सोपं: डाव्या हाताची शेवटची तीन बोटं सोडा. क्लब तर्जनीच्या आकड्यावर आणि गादीखाली तरंगत राहिला तर बरोबर. मे-जूनमध्ये ग्लव्ह घामाने ओला होतो आणि पकड आपोआप आवळली जाते. आवळलेल्या पकडीतून टेकअवे नेहमी हिसका देऊन सुटतो. दोन ग्लव्ह आलटून पालटून वापरा आणि ग्रिप साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन कोरड्या ठेवा. ग्रिप गुळगुळीत झाली असेल तर सराव करत बसण्याआधी ती बदला.

हात आत ओढले जाण्याचं कारण उभं राहण्यात असतं. चेंडूपासून फार लांब उभं राहिलं की हात पुढे ताणलेले असतात आणि हलल्याबरोबर अंगाकडे परत येतात. खांद्यातून हात सैल सोडा, ते जिथे लोंबतात तिथे ग्रिप. आयर्नला ग्रिपचं टोक आणि मांडी यांत एक मूठ ते एक पंजा जागा राहावी.

सुरुवात कोण करतो? छाती आणि हात एकत्र, कंबर मागून. सरावाला सगळ्यात उपयोगी पडलेला ड्रिल जुनाच आहे. सेव्हन आयर्न ग्रिपच्या खाली, धातूवर पकडा, ग्रिपचं टोक बेंबीला टेकवा आणि ते तिथून न सुटता शाफ्ट समांतर येईपर्यंत वळा. टोक सुटून डावीकडे गेलं तर हात एकटे निघाले. दहा वेळा चेंडूशिवाय, मग लगेच नेहमीच्या पकडीने अर्ध्या स्विंगचा एक हाफ शॉट. या ड्रिलमध्ये कंबर घट्ट धरून ठेवायचा मोह होतो, तसं करू नये. दाब उजव्या पायाकडे लवकर जायला हवा, पावलाच्या आतल्या कडेवर. तो बाहेरच्या कडेवर गेला की आपण वळत नाही, सरकतो.

दुसरा ड्रिल हेडकव्हरचा, म्हणजे क्लबहेडवर घालायच्या टोपीचा. क्लबहेडच्या मागे ३० सेंमीवर रिकामं हेडकव्हर ठेवायचं आणि क्लबने हलकेच मागे ढकलायचं. ते सरळ किंवा अगदी किंचित आत सरकावं. हिसक्याने उचलणाऱ्यांचा क्लब त्याच्यावरून जातो, गुंडाळणाऱ्यांचा आतून निसटतो. ६० सेंमीवर ठेवू नका, तिथे ठेवलं की सरळ ढकलण्याची तीच सवय लागते जी वर मोडायची ठरवली. पन्नास चेंडूंच्या बकेटमधले पहिले पंधरा पी-टूला एक सेकंद थांबून मारावेत, पुढचे पंधरा न थांबता निम्म्या ताकदीने, उरलेले पूर्ण स्विंगने पण दर वेळी नवं लक्ष्य धरून. सगळेच थांबून मारले की लय मरते.

लयीसाठी सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत मोजा: वर जायला २४, खाली चेंडूपर्यंत ८. व्यावसायिकांत हे ३:१ प्रमाण वारंवार दिसतं. टेकअवे सावकाश करा म्हटलं की लोक ४० फ्रेम घेतात आणि मग वरून झडप घालतात. गोठून उभं राहणं हाही शत्रूच. दिग्गज गोल्फरांपैकी गॅरी प्लेअर उजवा गुडघा आत दाबून निघायचा, जॅक निकलस हनुवटी उजवीकडे वळवून, आणि तो क्लब जमिनीवर टेकवतच नसे. आपापली एक खूण ठरवावी आणि ती रोज तीच ठेवावी. क्लब किंचित अधांतरी धरायची निकलसची पद्धत पावसाळ्यात फार कामाची आहे, वाढलेल्या गवतात टेकलेला क्लब पहिल्याच इंचात अडतो आणि फेस वळतो.

बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात, महाराजा प्रतापसिंहराव गायकवाडांनी १९३०च्या दशकात आखलेल्या आणि १९९०च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी नव्याने उभ्या केलेल्या कोर्सवर खेळताना यातलं साहित्य बॅगेतच राहू द्या. फेरी चालू असताना दिशा धरायला जमिनीवर काठी किंवा क्लब ठेवून स्टान्स घेतला (मारायला पाय रोवले) की स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजतात त्या प्रकारात, दोन स्ट्रोकचा दंड, आणि मारण्याआधी तो उचलला तरी दंड टळत नाही. आधीच पडलेलं पान किंवा जुना डिव्हट (फटक्याने उखडलेली जागा) खूण म्हणून धरायला हरकत नाही. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, तर खालून लांब जाणारा टेकअवे थेट महागात पडतो: बॅकस्विंगमध्ये वाळूला क्लब लागला तरी दोन स्ट्रोक. तिथे मनगट लवकर मोडून क्लब वर घ्यावा, वरचे सगळे आकडे बाजूला ठेवून.

ड्रायव्हर का बसत नाही? लाय थोडा सपाट आणि शाफ्ट लांब असला तरी ६० सेंमीवरचा हिशोब फारसा बदलत नाही. गोम खांद्यांत आहे. चेंडू डाव्या टाचेसमोर, उजवा हात तिथवर पोचायला पुढे येतो, खांदे लक्ष्याच्या डावीकडे उघडतात आणि मग छातीबरोबर नीट नेलेला क्लबही बाहेर जातो. सध्या चालू असलेला उपाय असा: दोन्ही पाय जोडून चेंडू मध्यावर ठेवून उभं राहायचं, डावा पाय दोन बोटं डावीकडे, उजवा पाय चांगला लांब उजवीकडे, आणि उजवा खांदा पुढे न आणता खाली सोडायचा. मग क्लब छातीवर आडवा धरून त्याचं टोक कुठे बघतंय ते तपासायचं. ते टार्गेट लाइनला समांतर असेल त्या दिवशी ड्रायव्हरचा पी-टू आयर्नसारखाच दिसतो. ते आपसूक होईपर्यंत ड्रायव्हरला हेडकव्हरचा ड्रिल द्यायचा नाही.