चौथा नियम

अमळनेर, गुरुवार, १ मे २०२५, रात्र

काल आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय्य तृतीया, झाली. धाकटी बहीण माहेरी आली आहे, अंगणातल्या निंबाला झोका बांधला आहे आणि सांजोऱ्यांचा डबा अजून अर्धा भरलेला आहे. अशा दिवशी घरात आनंदाने वावरावे, तर गेले दहा दिवस मनाला लागून राहिलेली गोष्ट आज आईने सहज विचारलेल्या एका प्रश्नामुळे पुन्हा वर आली, म्हणून ती येथे उतरवून ठेवतो.

अहिराणी गाण्यांच्या आवडीपोटी सहा वर्षांपूर्वी मी एक व्हॉट्सॲप समूह सुरू केला. जुन्या कॅसेटवरची गाणी, वहीगायन हा इकडचा लोकगायनाचा प्रकार, कानबाई आणि गौराई या देवींची गाणी, शिवाय हल्लीच्या पोरांनी शेतात आणि नदीकाठी चित्रित केलेली नवी गाणी, असे सारे तेथे येते. सभासद सहाशेच्या वर गेल्यावर मी नियम लिहिले. त्यांतला चौथा नियम असा: ‘असभ्य शब्द, अश्लील गाणी आणि संस्कृतीस न शोभणारे चित्रण येथे चालणार नाही.’ मराठीचा शिक्षक असल्यामुळे वाक्य नेटके जमले याचे मला त्या वेळी समाधानही वाटले होते.

दहा दिवसांपूर्वी नंदुरबारकडच्या एका तरुण मुलीने आपल्या नृत्याची चित्रफीत समूहावर टाकली. गाणे जुनेच होते. वरातीत बँडवाल्याला आग्रह करकरून वाजवायला लावतात त्यांपैकी एक. एका इसमाने तिच्याविषयी घाणेरडा शब्द लिहिला. त्याला मी दोन मिनिटांत काढून टाकले आणि आपण कर्तव्य बजावले असे समजून जेवायला बसलो. जेवून उठेपर्यंत ऐंशीच्या आसपास संदेश आले होते आणि त्यांत एकही शिवी नव्हती. ‘ताई, आपण गुणी आहात, परंतु खान्देशच्या लेकीला हा पेहराव शोभतो का, याचा विचार व्हावा.’ ‘घरच्यांनी पाहिले असेलच, आम्ही काय बोलणार?’ प्रत्येक वाक्याच्या शेवटी जोडलेले दोन हात. एका निवृत्त गृहस्थांनी तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ची आठवण करून दिली. अश्लील गाण्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास सांगणारे ते कलम सार्वजनिक जागी इतरांना होणाऱ्या उपद्रवाविषयी बोलते, आणि हे गृहस्थ तर ती चित्रफीत स्वतः तीनदा पाहिल्याचे लिहीत होते.

मी काय केले? मी तिला खासगीत अत्यंत सभ्य भाषेत लिहिले की, समूहाच्या शिस्तीसाठी आपण ती चित्रफीत कृपया काढून घ्यावी. तिने ती काढली आणि पाठोपाठ समूहही सोडला. गाणे लिहिणारा पुरुष, गाणारा पुरुष, वरातीत त्यावर नाचणारे आम्ही सारे पुरुष. आमच्यापैकी कोणालाच कोणी काही विचारले नाही.

मी असे का वागलो, याचे एक सोयीचे कारण मजजवळ होते: उद्या कोणी तक्रार केली तर गुन्हा ॲडमिनवर येईल. परंतु मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात स्पष्ट केले आहे की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याखेरीज सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही. हा निर्णय मला तेव्हाही ठाऊक होता. भीती कायद्याची नव्हतीच. ऐंशी प्रतिष्ठित माणसांच्या नाराजीची होती.

दुसरा कायदा मात्र राहून राहून आठवतो. जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राने २०१६ मध्ये केलेला आणि जुलै २०१७ पासून लागू झालेला सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा एखाद्यावर विशिष्ट पेहरावाची किंवा विशिष्ट भाषेची सक्ती करणे हाही बहिष्काराचाच प्रकार मानतो. हा कायदा माझ्या समूहाला लागू होतो असे मला म्हणायचे नाही. पण पेहराव आणि भाषा हे दोन शब्द तेथे शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांतल्या दुसऱ्याचा मार मी स्वतः खाल्लेला आहे. चौथीत असताना ‘माले पानी पेवाले जानं शे’ असे म्हटल्याबद्दल गुरुजींनी मला बाकावर उभे केले होते. तेही शुद्धतेच्या काळजीपोटीच. ते गुरुजी प्रेमळ होते, हे सांगितले नाही तर त्यांच्यावर अन्याय होईल.

आज दुपारी आईने फोनमध्ये डोकावत विचारले, ‘त्या पोरनं काय चुकनं?’ त्या पोरीचे काय चुकले, याचे मला उत्तर देता आले नाही. मग तीच गिरणेकाठच्या आपल्या माहेराविषयी सांगू लागली. तिच्या लहानपणी आखाजीला गौराई घेऊन बाया नदीवर जात, पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावच्या बाया येत, आणि मग दोन्ही काठांवरून अशा शिव्यांची फैर झडे की पुरुष माणसे तिकडे फिरकत नसत. सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या गावांच्या स्त्रिया नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवरून असाच बार भरतात, हे मी वाचले होते. आपल्या आईने तोंड भरून शिव्या दिल्या असतील ही कल्पना मात्र कधी शिवली नव्हती. तिच्या सांगण्यातला महत्त्वाचा भाग पुढचाच होता. दिवस मावळला की शिव्या थांबत; पलीकडच्या गावात कोणाची आत्या, कोणाची बहीण दिलेली असे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाया एकमेकींकडे विरजण मागायला जात. त्या मुलीला जोडलेले हात मात्र अजून सहाशे फोनांत जसेच्या तसे आहेत, आणि तिच्याकडे विरजण मागायला कोणी जाणार नाही.

संध्याकाळी आईने ते गाणे ऐकायला मागितले. ऐकून ती म्हणाली, यात काय आहे, आणि पदर सावरून तिने विहिणीला उद्देशून लग्नात म्हणायचे एक गाणे म्हटले. बहीण हसता हसता झोक्यावरून खाली उतरली. मी ते ध्वनिमुद्रित केले आहे. आवाज थोडा कापतो, पण एकही ओळ विसरलेली नाही. अशी गाणी मिळावीत म्हणूनच मी तो समूह काढला होता. मुलीला माफीचे पत्र अहिराणीत लिहून झाले आहे, ते उद्या सकाळी पाठवीन. आईचे गाणे फोनमध्ये आहे, आणि चौथ्या नियमाप्रमाणे ते मला समूहावर टाकता येत नाही.