भिंत राहिली, वाळू गेली

"भिंत बांधली आणि वाळूच गेली बघ," काका आज किनाऱ्यावर सहज बोलून गेले, तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

खरंय पण. भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना पायथ्याची वाळू उकरून नेते, आणि भिंत जिथे संपते तिथे शेजाऱ्याची जमीन आधीपेक्षा जास्त खचायला लागते, म्हणजे आपलं घर वाचलं पण त्याचं चाललं. त्यात वादळ नेमकं मोठ्या भरतीला आलं की पाणी भिंतीवरूनही आत येतंच.

लाटेचा जोर खरा मोडतो तो रुंद वाळूच्या किनाऱ्यावर. पण वाळूचं उद्घाटन कोण करणार, भिंतीचं करता येतं!

आता शेजाऱ्याने काय करायचं? त्यानेही भिंतच बांधायची का?